मांडीवरचा नातू आणि दोन गाड्या

या सदरात आम्ही आजवर शुद्धलेखन, मुलांचे वाचन, सीमाभागातील बोली अशा आमच्या अधिकारातील विषयांवरच लेखणी चालवली. मोटारगाडीवर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल असे स्वप्नातही वाटले नव्हते. सायकल आणि पुढे स्कूटर यांवर ज्याचे आयुष्य निभावले, त्या मराठीच्या मास्तराने गाड्यांच्या सुरक्षिततेविषयी बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु गेल्या श्रावणात जे घडले त्याने आम्हाला या अभ्यासाला बसवले, आणि बसलो ते चार महिने बसलो.

घडले ते थोडक्यात असे. मुलीला गोव्यात साखळीला दिले आहे. नातवाला, वय वर्षे तीन, तिच्याकडे पोचवायला आम्ही उभयता भाड्याच्या गाडीने निघालो होतो. जांबोटी गेली, कणकुंबी गेली, चोर्ला घाट लागला. पाऊस, धुके, रस्ता ओला. नातवाला पुढे बसून घाट पाहायचा होता, म्हणून तो आमच्या मांडीवर, पुढच्या आसनावर. आमच्या कमरेला पट्टा नव्हता. मांडीवर मूल असताना पट्टा कसा लावणार, असा सोयीस्कर विचार आम्ही केला होता. एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. चालकाने करकचून ब्रेक लावला. गाडी थांबली. म्हशींना धक्का लागला नाही, गाडीवर ओरखडाही उठला नाही. पण आम्ही दोन्ही हातांनी कवटाळलेला नातू आमच्या हातांतून सुटला आणि त्याचे कपाळ समोरच्या डॅशबोर्डावर आपटले. तीन टाके पडले. मुलगी आम्हाला काही बोलली नाही. तिने बोलावे, रागवावे, असे आम्हाला फार वाटत होते; ती फक्त "बाबा, तुम्ही आधी चहा घ्या" एवढेच म्हणाली.

परत आल्यावर आम्ही आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांना एक गणित घातले. मुलाचे वजन चौदा किलो. गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाऊन कशावर तरी आदळली आणि पुढचा भाग चेपत अर्ध्या मीटरात थांबली, तर ते मूल धरून ठेवायला किती जोर लागेल? सरांनी फळ्यावर आकडे मांडले. सुमारे पावणेतीनशे किलो. सिमेंटची साडेपाच पोती, तीही क्षणार्धात अंगावर आलेली. आमच्या वेळी तर आदळणे झालेच नव्हते, नुसता ब्रेक लागला होता. आजोबांच्या हातांवर आमचा जो विश्वास होता तो त्या फळ्यापाशी संपला.

त्यानंतर घरात ठरले की, भाड्याच्या गाड्या पुरे झाल्या, आपली लहानशी गाडी घ्यावी. निवृत्तीला फार वर्षे उरलेली नाहीत. भविष्य निर्वाह निधीला हात न लावता जे जमेल ते. सर्वांच्या बोलण्यातून दोन नावे उरली: मारुती सुझुकीची वॅगनआर आणि टाटांची टियागो. बेळगावातील कोणत्याही गल्लीत पाच मिनिटे उभे राहिल्यास या दोहोंपैकी एक तरी समोरून जातेच. सौ. वॅगनआरच्या बाजूच्या, कारण त्या गाडीचे आसन उंच, दार मोठे, आणि सौ.चे गुडघे गेली सहा वर्षे कुरकुरत आहेत. आम्ही तेव्हा कोणत्याच बाजूचे नव्हतो. आम्हाला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारायला आम्ही शोरूमांच्या पायऱ्या चढलो. एका ठिकाणच्या तरुण विक्रेत्याने गाणी कुठे वाजतात, मोबाइल कुठे जोडतात, पेट्रोल किती वाचते हे सर्व उत्साहाने सांगितले. "आदळली तर काय होते?" असे विचारताच तो हसून म्हणाला, "सर, शुभ बोला ना!"

विक्रेत्याने जे सांगितले नाही ते चाचण्यांच्या अहवालांत सापडले. लंडनस्थित ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या लहान गाड्या विकत घेऊन त्या आदळून पाहण्यास प्रारंभ केला. रीत अशी: गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर नेऊन आदळायची, तीही सबंध रुंदीने नव्हे, तर चालकाच्या बाजूच्या ४० टक्के भागाने. समोरून येणारे वाहन असेच बाजूने येऊन धडकते, म्हणून ही रीत. आत माणसांच्या मापाचे पुतळे बसवलेले असतात. पुढे दोन प्रौढ आणि मागे दीड व तीन वर्षांच्या बालकांएवढे दोन. त्यांच्या डोक्यात, मानेत, छातीत, गुडघ्यांत यंत्रे असतात आणि धक्का किती बसला ते ती नोंदवतात. त्यावरून गुण, आणि गुणांवरून तारे. ताशी ६४ हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे सोळा मीटरांवरून, पाचमजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. हेही फळ्यावर करून पाहिले.

त्या पहिल्या चाचणीत पाच गाड्या होत्या: मारुतीची अल्टो ८००, टाटांची नॅनो, ह्युंदाईची आय-१०, फोर्डची फिगो आणि फोक्सवॅगनची पोलो. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पण शून्याशून्यांतही फरक होता, आणि वाचकांनी तो अवश्य लक्षात घ्यावा. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा धक्क्यात टिकला होता. त्यांच्यात एअरबॅगा नव्हत्या म्हणून आतला पुतळा वाचला नाही. इतर तिघींचा सांगाडाच टिकला नाही. पुढे पोलोला दोन एअरबॅगा लावून तीच परीक्षा घेतली, तेव्हा प्रौढांच्या संरक्षणात तिला चार तारे मिळाले. म्हणजे माणसे बसतात ती पेटी शाबूत राहिली पाहिजे, पुढचे नाक मात्र चेपले पाहिजे, कारण ते चेपताना धक्का खाते. आणि पेटी शाबूत राहिली तरच एअरबॅगेला काम करायला जागा उरते. बॉनेट सहज वाकते म्हणून गाडीला "पत्र्याचा डबा" म्हणणारे आणि दरवाजा धाडकन लागतो म्हणून तिला "दणकट" म्हणणारे, दोघेही चुकतात. आम्हीही शोरूममध्ये दरवाजे आपटून पाहिले होते, हे कबूल करतो.

आता आमच्या दोन गाड्या. वॅगनआरची सध्याची पिढी जानेवारी २०१९ मध्ये आली आणि त्याच वर्षी तिची चाचणी झाली: प्रौढांसाठी १७ पैकी ६.९३ गुण, दोन तारे. बालकांसाठीही दोन तारे. टियागो बाजारात आली २०१६ साली. तिचा निकाल जानेवारी २०२० मध्ये लागला: प्रौढांसाठी १७ पैकी १२.५२ गुण, चार तारे, बालकांसाठी तीन. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये वॅगनआरचा पुन्हा निकाल लागला: प्रौढांसाठी एक तारा, बालकांसाठी शून्य.

हे कळताच आमच्या एका स्नेह्यांनी तत्काळ वजाबाकी केली: "टियागो चार, वॅगनआर एक. तीन ताऱ्यांचा फरक! विचार कसला करता?" येथे मात्र आमच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. दरवर्षी निकालाच्या दिवसांत पालक आमच्यापुढे असेच कागद घेऊन बसतात. कोल्हापूरच्या भाच्याला एसएससीत ५०० पैकी ४४०, आपल्या मुलीला एसएसएलसीत ६२५ पैकी ५२०. मग मुलगी मागे पडली का? आम्ही दरवेळी सांगतो की, बाबांनो, मंडळ वेगळे, प्रश्नपत्रिका वेगळ्या, तपासणारे वेगळे; हे दोन आकडे शेजारी मांडूच नका. गाड्यांचेही नेमके हेच आहे. जुलै २०२२ पासून ग्लोबल एनकॅपने परीक्षा कठीण केली. पूर्वी समोरची धडक हाच मुख्य विषय होता. आता बाजूने बसणारी धडक आली, गाडी घसरू लागल्यास चाके सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, पादचाऱ्याला कमी इजा व्हावी ही अटही आली. एकूण गुण १७ होते ते ३४ झाले. वॅगनआरला २०२३ मध्ये ३४ पैकी १९.६९ गुण पडले. टक्क्यांनी पाहावे तर अठ्ठावन्न, आमच्या काळची चांगली द्वितीय श्रेणी; आणि तारा मात्र एक! कारण नव्या पद्धतीत वरच्या ताऱ्यांसाठी नुसती बेरीज पुरत नाही, काही विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. टियागोचे चार तारे हे जुन्या परीक्षेचे आहेत, आणि ते जुन्याच परीक्षेचे समजावेत.

तेव्हा न्याय करायचा तर एकाच प्रश्नपत्रिकेवर करावा. तशी प्रश्नपत्रिका सुदैवाने आहे: जुनी. २०१९ ची वॅगनआर आणि २०२० ची टियागो यांनी तीच एक परीक्षा दिली. त्यात फरक तीन ताऱ्यांचा नव्हे, दोन ताऱ्यांचा आहे. पण तो खरा आहे. एक गोष्ट येथेही सांगितली पाहिजे. त्या वेळी तपासलेल्या वॅगनआरमध्ये केवळ चालकापुढे एअरबॅग होती, टियागोत पुढच्या दोघांनाही होती. पुढे कायद्यानेच २०२२ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही एअरबॅगा सक्तीच्या झाल्या, आणि २०२५ मध्ये मारुतीने वॅगनआरला सहा एअरबॅगा सरसकट दिल्या. म्हणजे आज शोरूममध्ये उभी असलेली वॅगनआर ही २०१९ ची नव्हे आणि २०२३ चीही नव्हे. तिच्यात निश्चित सुधारणा आहे. परंतु २०१४ च्या पोलोने आम्हाला शिकवले ते दुहेरी होते: टिकाऊ पेटीला एअरबॅग हवी, आणि एअरबॅगेला टिकाऊ पेटी हवी. सहा हा आकडा ऐकून आम्ही हुरळून गेलो नाही.

अंतिमतः आमच्या मनाचा कल ठरला तो प्रौढांच्या रकान्यावरून नव्हे, बालकांच्या रकान्यावरून. जाहिरातीत तारे छापतात ते बहुधा प्रौढांचे. मागच्या आसनावरील बालकाचे गुण वेगळे असतात, आणि ते अहवालाच्या खालच्या अंगाला शोधावे लागतात. वॅगनआरला २०२३ मध्ये बालकांच्या विभागात ४९ पैकी ३.४० गुण होते. कठीण परीक्षा होती हे मान्य. तरी ४९ पैकी ३.४० हा आकडा वाचल्यावर आम्ही चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. आमच्या डोळ्यांपुढे ते तीन टाके होते.

कंपनीचे नाव पाहून मत बनवू नये, एवढे मात्र येथे नमूद करतो. कारण आमच्या या लेखावरून "अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट" असा निष्कर्ष काढून काही मंडळी कट्ट्यावर वाद घालतील, हे आम्ही जाणतो. २०१४ साली शून्य तारे मिळवणारी नॅनो टाटांचीच होती; त्याच टाटांच्या नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवले, आणि ग्लोबल एनकॅपकडून पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरने नव्या, कठीण परीक्षेत प्रौढांसाठी पाच तारे मिळवले. तिच्या आधीच्या पिढीला दोनच होते. हुशार मुलगा कोणत्याही घरात निपजतो, फक्त अभ्यास करून घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षाही सुरू झाली आहे. तिला बसणे कंपन्यांवर सक्तीचे नाही, तरी निकाल जाहीर होतात. गाडी घेणाऱ्याने तिचे नाव, वर्ष आणि दोन्ही रकाने पाहून मगच बयाणा द्यावा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर वर्ष डोळ्यांत तेल घालून पाहावे: चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्यापूर्वीच्या कित्येक स्वस्त गाड्यांत एकही नाही.

तारे वाचता वाचता आम्हाला आणखी एक गोष्ट उमगली, आणि तिने आमची झोप अधिक उडवली. चाचणीतील पुतळे पट्टा लावून बसतात. सगळे गुण, सगळे तारे हे पट्टा लावलेल्या माणसासाठी आहेत. चोर्ल्यात आम्ही पाच ताऱ्यांच्या गाडीत असतो तरी तीन टाके पडलेच असते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ती मर्सिडीज कंपनीची महागडी गाडी होती. त्या जातीच्या गाडीला युरोपच्या चाचणीत पाच तारे होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. ते दोघेही गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. सरकारी अहवालाप्रमाणे त्या २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यांत निम्म्याच्या आसपास चालक नव्हते, प्रवासी होते.

आपल्याकडे पट्ट्याची काय दशा आहे! ज्या भाड्याच्या गाडीतून आम्ही गेलो तिच्या मागच्या बाकाचे पट्टे शोभेच्या कव्हराखाली गाडलेले होते. काढायचे म्हटले असते तर शिवण उसवावी लागली असती. पट्टा न लावल्यास गाडी टणटण वाजते, तर ते वाजणे बंद करायला नुसती लोखंडी जिभली खाचेत खुपसून ठेवणारे सुशिक्षित लोक आम्ही पाहिले आहेत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना आदेश देऊन या जिभल्यांची विक्री थांबवावी लागली. आज सर्वत्र दिसणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीत सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना वापरायला मोकळे ठेवले. फुकट दिलेली वस्तू आपण कव्हराखाली घालतो.

लहान मुलांचे तर स्वतंत्रच. मोठ्यांचा पट्टा तीन वर्षांच्या मुलाच्या गळ्याशी येतो, म्हणून त्याला वेगळे आसन लागते. ते मागच्या बाकावर बांधायचे. पुढे, एअरबॅगेसमोर, मूल नकोच. ती एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी आहे, आणि ती उघडते ती डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी, मुलाच्या चेहऱ्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन नसल्यास हजार रुपये दंडही आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा मागच्या बाकाच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या लागतात का ते चाचपून पाहा. बालआसन त्यांना थेट अडकते आणि चुकीचे बांधले जाण्याची भीती कमी होते. आम्ही असा हात घातला तेव्हा विक्रेत्याला वाटले की, सरांचे काही पडले आहे.

शेवटी निर्णय सौ.नी केला. दोन्ही गाड्यांत त्या तीन-तीन वेळा चढल्या-उतरल्या. वॅगनआरमध्ये विनासायास, टियागोत बसताना थोडे वाकावे लागले, उतरताना आमचा हात धरावा लागला. घरी आल्यावर आम्ही त्यांच्यापुढे दोन्ही गाड्यांचे गुण एका कागदावर मांडले. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या गुडघ्यांचे मी पाहून घेईन. ती दुसरी घ्या." आम्ही म्हटले, "नीट विचार करा, दहा वर्षे बसायचे आहे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि कागद त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिला.

गाडी आली. चोपन्नाव्या वर्षी मोटार शिकणाऱ्या मुख्याध्यापकाला शिकवणारा तरुण आमचाच माजी विद्यार्थी निघाला, आणि त्याने आमच्यावर जुने सर्व हिशेब चुकते केले. तो भाग पुन्हा कधीतरी. बालआसन वेगळे आणले. दिवाळीनंतर नातवाला साखळीला पोचवायला निघालो तेव्हा त्याला त्यात बसवताच त्याने आकांत मांडला. आजोबांच्या मांडीवर का नाही, हा त्याचा एकच प्रश्न, आणि त्याच्या कपाळावरची ती बारीक रेघ आमच्यासमोर. जांबोटीपर्यंत तो रडत होता. सौ. मागे त्याच्या शेजारी, स्वतः पट्टा लावून, त्याला चिवड्यातले काजू वेचून देत होत्या. कणकुंबीला आम्ही चहासाठी थांबलो तेव्हा तो पट्ट्यात मान कलती करून झोपला होता. त्याला उठवावे लागेल म्हणून सौ. उतरल्या नाहीत. त्यांचा चहा आम्ही गाडीतच नेऊन दिला.